प्रथिनचूर्ण आणि आध्मान : निदानपरिवर्जनाचा विसर

सांप्रत वैद्यांच्या चिकित्सालयात पोट फुगण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांमध्ये एक नवा वर्ग दिसू लागला आहे. आध्मान ही तक्रार आजवर मुख्यतः उतारवयातील, बैठ्या व्यवसायातील अथवा जुनाट मलावरोधाच्या रुग्णांत आढळत असे. आता विशी-बाविशीचा, भरल्या छातीचा, पिळदार दंडाचा तरुण समोर बसतो आणि सांगतो की, दिवसभर पोट तट्ट असते, गुरगुरते, दुर्गंधी वायू सरतो आणि जेवणावरची वासना गेली आहे. यांतील कोणी पोलीस भरतीच्या तयारीत असतो, कोणी तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या जिममध्ये जाणारा असतो. आहाराविषयी विचारले असता तो भाकरी, वरण, भात, अंडी सर्व काही सांगतो. डबा मात्र सांगत नाही. त्याच्या लेखी तो डबा आहारही नव्हे आणि औषधही नव्हे, तो ‘प्रोटीन’ आहे.

बहुतांश ठिकाणी त्याला तो विचारलाही जात नाही. आमच्या या लेखनाचे प्रयोजन एवढेच आहे. रुग्णास हिंग्वष्टक मिळते, शंखवटी मिळते, लवणभास्कर मिळते; आठ-दहा दिवस बरे वाटते आणि मग तो पुन्हा येतो. सकाळी डबा आणि रात्री चूर्ण असा क्रम महिनोन्‌महिने चालतो. निदानपरिवर्जन म्हणजे चिकित्सेची पहिली पायरी, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही पाठ असते. हेतू पोटात चालू ठेवून वर दीपन-पाचनाचा मारा करणे ही चिकित्सा नसून हेतूला दिलेली सवलत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट टोकाला काही वैद्यबंधू ‘पावडर म्हणजे विष’ असे सांगून मोकळे होतात. हाही मार्ग आम्हांस मान्य नाही. एक तर ते खरे नाही. आणि दुसरे असे की, रुग्ण ते ऐकून घेतो, मान डोलावतो व पुढील खेपेस डब्याचा विषयच काढत नाही. वैद्यापासून जे लपविले जाते त्याची चिकित्सा करता येत नाही.

तेव्हा विचार शास्त्राच्या चौकटीतच व्हावा. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराच्या परीक्षणासाठी आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. या आठांपैकी निदान चारांवर हा डबा नापास होतो आणि तो कोठे नापास झाला हे कळले की चिकित्सेची दिशाही तेथेच मिळते.

प्रथम करणाचा विचार करू. अलीकडे एक युक्तिवाद आमच्या कानी येतो. ‘व्हे’ म्हणजे आपले मस्तूच. मस्तू तर शास्त्रात लघू, स्रोतोशोधक आणि विष्टंभ दूर करणारे सांगितले आहे. मग व्हे प्रथिनाने पोट फुगेल कसे? युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो नामसाम्यावर उभा आहे. मस्तू म्हणजे दह्यावर सुटणारे पाणी. बाजारातील व्हे हे प्रामुख्याने चीज तयार करताना वेगळे होणारे पाणी आहे. तेही जसेच्या तसे डब्यात जात नाही. सूक्ष्म चाळण्यांतून गाळून त्यातील पाणी, शर्करा व क्षार बाजूला काढतात, उरलेला घन भाग उष्ण हवेत फवारून वाळवितात आणि त्याची भुकटी होते. अशा पातळ पाण्याच्या एका लिटरमध्ये प्रथिन असते सुमारे सहा ग्रॅम. डब्यातील एका मापात ते चोवीस-पंचवीस ग्रॅम असते. म्हणजे एक माप घेणारा तरुण सुमारे चार लिटर पाण्यातील घन अंश एका पेल्यात, दोन मिनिटांत पोटात घालतो. ज्या द्रवत्वामुळे मस्तू लघू ठरले, ते द्रवत्वच येथे काढून टाकलेले आहे. करण बदलले की गुण बदलतो, या सिद्धान्ताचे याहून उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही. शास्त्रात या डब्याला जवळचे द्रव्य पाहायचेच असेल तर ते मस्तू नव्हे. किलाट, पीयूष, कूर्चिका या क्षीरविकृतींकडे पाहावे. त्या बल्य आहेत, पण गुरू आहेत आणि दीप्ताग्नीच्या मनुष्यासच हितकर आहेत. बल्यत्व आणि गुरुत्व एकाच द्रव्यात नांदते, हे आपल्या आचार्यांस पूर्णपणे ठाऊक होते. जाहिरात त्यांतील पहिला गुण सांगते.

आता संयोग. या मुद्द्यावर आम्ही थोडे अधिक थांबू इच्छितो, कारण व्यवहारात सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो.

दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, पचविणारे लॅक्टेज हे विकर बाल्यावस्थेनंतर अनेकांत क्षीण होत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जंतू तिला आंबवितात. त्यातून वायू निर्माण होतो, आतड्यात पाणी ओढले जाते आणि आटोप, आध्मान, प्रसंगी द्रवमलप्रवृत्ती अशी लक्षणे दिसतात. भारतात हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तरेकडील निरोगी व्यक्तींपैकी सुमारे २७ टक्के, तर दक्षिणेकडील सुमारे ६६ टक्के व्यक्तींत लॅक्टोज नीट पचत नसल्याचे आढळले होते. पंजाबी पहिलवानास सोसते ते आपल्याकडील मुलास सोसेलच असे नाही. देश आणि सात्म्य या शब्दांचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

परंतु येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहिली पाहिजे. चांगल्या प्रतीच्या व्हे कॉन्सन्ट्रेटच्या एका मापात लॅक्टोज असते एक ते अडीच ग्रॅम. आयसोलेट या प्रकारात त्याहूनही कमी असते. लॅक्टेज क्षीण असलेली पुष्कळ माणसे एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेला दूध, फारसा त्रास न होता पचवू शकतात. मग त्या एका मापाने पोट का फुगावे? उत्तर डब्यात नसते, ते पेल्यात असते. हा तरुण ते माप अर्धा लिटर दुधात घालतो. अर्धा लिटर दुधातच लॅक्टोज असते सुमारे चोवीस ग्रॅम. वर दोन केळी, एखादा चमचा शेंगदाण्याचे लोणी, कधी ओट्‌स, कधी बर्फ, आणि हे सारे मिक्सरमधून फिरविलेले. दूध आणि केळे यांच्या संयोगाविषयी आपली परंपरा काय म्हणते ते वैद्यांस सांगावयास नको. दोष मात्र एकट्या पावडरीवर येतो. आमची सूचना अशी की, असा रुग्ण आल्यास प्रथम डबा बंद न करता दूध बंद करावे. आठ दिवस तेच माप कोमट पाण्यातून घेऊ द्यावे. पोट उतरले तर निदान झाले, आणि रुग्णाचा विश्वासही बसला. न उतरल्यास पुढील हेतू शोधावा.

तो पुढील हेतू डब्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. वजन वाढविण्यासाठी म्हणून जे स्वस्त ‘गेनर’ मिळतात त्यांत प्रथिन कमी आणि माल्टोडेक्स्ट्रिनसारखी पिष्टे जास्त असतात. हलक्या प्रतीच्या व्हे भुकटीत निम्म्याच्या आसपास लॅक्टोजच असते. गोडीसाठी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल अशी द्रव्ये असतील तर ती अर्धवट शोषली जातात आणि उरलेली आतड्यात आंबतात. दाटपणासाठी झॅन्थन अथवा गवारीचा डिंक, ‘फायबर’च्या नावाखाली इन्युलिन. सोयाबीन वा वाटाण्यापासून केलेल्या चूर्णांत, शुद्धीकरण पुरते झालेले नसल्यास, रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा राहतात. त्या पचविणारे विकर मनुष्याच्या आतड्यात नाहीच. वाल, पावटे, वाटाणे वातूळ असतात हे आपल्या आज्यांना या शर्करांची नावे न कळताही कळत होते. काही उत्पादक आता डब्यातच पाचक विकरे घालू लागले आहेत. हे द्रव्य पचावयास जड आहे, अशी कबुली उत्पादकाकडूनच मिळावी यासारखी सोय नाही.

राशीविषयी थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढासाठी प्रथिनाचे प्रमाण दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम असे ठरविले. साठ किलो वजनाच्या मनुष्यास हे पन्नास ग्रॅम होते. दोन मापांत तेवढे प्रथिन येते. दोन वेळचे जेवण त्याहून वेगळे. नियमित व कठोर व्यायाम करणाऱ्याची गरज याहून पुष्कळ अधिक असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु सकाळी पाऊण तास वजने उचलून उरलेला दिवस दुकानात बसणारा मनुष्य त्या वर्गात मोडत नाही. याच संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनपूरके टाळावीत, असा सल्ला दिला आहे. आपल्या बाजूने सांगायचे तर, मांसधातू हा मांसधात्वग्नीच्या अधीन आहे आणि तो जाठराग्नीच्या अधीन आहे. पोट फुगलेले, भूक गेलेली आणि तरीही माप वाढविलेले, अशा स्थितीत वाढतो तो आम.

काल व उपयोगसंस्था या दोन आयतनांत आपली देशी परंपरा किती सावध होती हे पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या तालमींतील थंडाई सर्वांस ठाऊक आहे. बदाम, खसखस, दूध यांचा तो खुराक काही हलका नव्हे. पण तो घेणाऱ्या मल्लाचा दिवस पहाटेच्या जोर-बैठकांनी सुरू होतो, त्यानंतर आखाड्यातील लढती, मग विश्रांती, मग पुन्हा मेहनत. आणि नव्या पोरास पहिल्या दिवशी जुन्या मल्लाएवढा खुराक कोणी देत नाही. वस्तादाची नजर पोराच्या अंगावर असते तशी त्याच्या पोटावरही असते. डब्याला वस्ताद नाही. त्याच्यासोबत प्लॅस्टिकचे एक माप येते आणि ते पन्नास किलोच्या मुलाला व नव्वद किलोच्या मल्लाला सारखेच असते.

त्यातून हे माप घेण्याची वेळ ठरलेली : व्यायाम संपताच, घाम वाळण्यापूर्वी. व्यायामाच्या काळात रक्ताचा ओघ स्नायूंकडे व त्वचेकडे असतो, आतड्याकडे तो घटलेला असतो. श्वासही स्थिरावलेला नसतो. अशा वेळी शेकर जोराने हलवून, फेसासकट, उभ्या उभ्या घोट घेतले की चूर्णाबरोबर हवाही गिळली जाते. अर्धशक्ती व्यायामाचा नियम मोडून थकलेल्या शरीरावर हा गुरू आहार येतो. त्यात वर्षा ऋतू असेल तर अग्नी आधीच मंद. आमचा अनुभव असा की, केवळ पाऊण तास थांबणे, बसून सावकाश पिणे आणि फेस बसू देणे एवढ्यानेही काहींचे ऊर्ध्वभागी फुगणे निम्मे कमी होते.

चूर्णरूप आहाराचे नियम आपल्याकडे नव्हते असेही नाही. अष्टांगहृदयात सक्तूंचे, म्हणजे सातूच्या पिठाचे, नियम आले आहेत : ते रात्री घेऊ नये, जेवणानंतर घेऊ नये, नुसते घेऊ नये, दोनदा घेऊ नये, फार घेऊ नये. सातूचे पीठ ते काय, पण त्यालाही इतकी बंधने! कारण धान्य दळले, भाजले, कोरडे केले की त्याचा पचनाशी असलेला संबंध बदलतो, हे त्यांनी ओळखले होते. रात्री झोपण्यापूर्वी दुधातून दुसरे माप घेणाऱ्या मुलास हा श्लोक समजावून सांगितला तर त्याला तो पटतो, असे आम्हांस वारंवार दिसले आहे. मराठी घरातील मेतकूट पाहा. तेही डाळींचेच, प्रथिनयुक्त चूर्ण. पण डाळी भाजलेल्या, त्यात हिंग, सुंठ, जिरे, मेथी. घ्यायचे ते चमचाभर, ऊन भातावर, तुपासह. या एका चमच्यात करण आहे, संयोग आहे, राशी आहे आणि उपयोगसंस्थाही आहे.

निदानाविषयी दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. ‘गॅस’ या एका शब्दात रुग्ण जे सांगतो त्याचे पृथक्करण वैद्याने करावयाचे असते. माप घेतल्यावर लगेच, नाभीच्या वर, ढेकर अडकल्यासारखे जडत्व येत असेल तर विचार प्रत्याध्मानाचा, कफाच्या आवरणाचा. तेथे लंघन आणि दीपन आधी. दोन-चार तासांनी पक्वाशयात वायू कोंडून, गुरगुर व वेदनेसह पोट ताठत असेल तर आध्मान, तेथे अनुलोमन. मळ साचून, मलप्रवृत्ती न होता तडस लागत असेल तर आनाह, आणि त्या मुलाच्या ताटातून भाजी-भाकरी हद्दपार झालेली असण्याची शक्यता दाट. तिघांनाही एकच हिंगाचे चूर्ण देणे सोपे आहे. पण कफाने जड झालेल्या आमाशयाची आणि कोरड्या मळाची गरज एक नव्हे.

आणि प्रत्येक फुगलेले पोट डब्याचे नसते हेही ध्यानात असावे. वजन उतरत असेल, मळात रक्त असेल, वेदनेने रात्री झोपमोड होत असेल, ताप असेल, तर डब्याची चर्चा बाजूला ठेवून तपासण्या कराव्यात. चाळिशी-पन्नाशीपुढील स्त्रीचे पोट काही आठवडे सतत फुगलेले राहत असेल तर तिला ‘प्रोटीन बंद करा’ एवढे सांगून परत पाठवू नये. सोनोग्राफी होईपर्यंत बीजकोशाच्या विकाराची शंका मनातून काढू नये. वृक्कविकाराच्या रुग्णाने तर हे चूर्ण तज्ज्ञाच्या सल्ल्याविना घेऊच नये.

डबा सोडवावयाचा असेल तर चरकोक्त पादांशिक क्रम येथे चपखल लागू पडतो. एकदम बंद केला की मुलास आपले दंड वितळतील असे भय वाटते आणि तो गुपचूप पुन्हा सुरू करतो. त्याऐवजी दर काही दिवसांनी मापाचा एकेक चतुर्थांश कमी करावा आणि तेवढाच अंश आहारातून वाढवावा. मूग हे शमीधान्यांत श्रेष्ठ. मुगाचे कढण सुंठ-जिऱ्यासह. शंभर ग्रॅम मुगात चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते, हे त्याला आकड्यानेच सांगावे, कारण आकड्याची भाषा त्याला जिममध्ये शिकविली गेली आहे. मांसाहारी असल्यास अंडी, मासे, मांसरस. ताक मध्यान्ही. ज्यांना खरोखरच अधिक गरज आहे, म्हणजे स्पर्धेतील खेळाडू, दीर्घ आजारातून उठलेले, दात नसलेले कृश वृद्ध, त्यांनी डबा चालू ठेवावा. पण अर्ध्या मापाने, पाण्यातून, भूक लागल्यावर आणि अग्नीकडे लक्ष ठेवून.

शेवटचा मुद्दा आपल्याच घरातला आहे आणि तो काहींस अप्रिय वाटेल. बाजारात आता ‘आयुर्वेदिक प्रोटीन’ आले आहे. व्हे अथवा वाटाण्याच्या चूर्णात अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी यांचे अर्क मिसळायचे, डब्यावर खल-बत्त्याचे चित्र छापायचे आणि तो डबा वैद्याच्या टेबलावर ठेवायचा. काही वैद्यमित्र तो रुग्णास स्वहस्ते देतात. पोट फुगलेल्या मुलाचा एक डबा बंद करून दुसरा हाती देण्यात कोणते निदानपरिवर्जन साधले, हे आम्हांस समजत नाही. अश्वगंधा बृंहण आहे, शतावरी गुरू आहे. मंदाग्नीच्या पोटात गुरूवर गुरू घातले तर काय होईल हे सांगण्यास नाडी पाहावी लागत नाही. २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातील ३६ प्रथिनपूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनाचा आकडा खरा नव्हता, काहींत अफ्लाटॉक्सिन सापडले आणि वनस्पतींचे अर्क मिसळलेल्या उत्पादनांविषयी यकृताच्या दृष्टीने चिंता व्यक्त करण्यात आली. हे संशोधन आयुर्वेदाच्या टीकाकारांचे आहे म्हणून दूर सारण्याचा मोह होतो. आमच्या मते तो आवरावा. अर्कांचे प्रमाण न सांगता, अनुपान न सांगता, काल न सांगता विकलेल्या डब्याचा बचाव करणे हे आपले काम नव्हे. ‘आयुर्वेद आहार’ या संज्ञेसाठी २०२२ साली जे नियम झाले त्यांतही ग्रंथोक्त पाककृतींचा आधार अपेक्षित आहे आणि बाहेरून जीवनसत्त्वे, खनिजे वा अमिनो आम्ले मिसळण्यास परवानगी नाही. कोणत्या ग्रंथात हे चूर्ण आहे, असा प्रश्न विक्रेत्यास विचारण्याचा अधिकार प्रत्येक वैद्यास आहे.

आमची संघटनेस विनंती अशी की, सभासदांसाठी छापल्या जाणाऱ्या रुग्णपत्रिकेत आहाराच्या रकान्याखाली एक ओळ वाढवावी : कोणते चूर्ण वा पूरक घेता, किती, कशातून, केव्हा आणि किती दिवसांपासून. त्या ओळीपुढे उत्तर लिहून होईपर्यंत हिंग्वष्टकाची बाटली कपाटातच राहू द्यावी.